सात, सहा, पाच : तबला घेऊन टेलेमार्कला

त्याचं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं, हा माणूस लयीला कच्चा आहे.

डिसेंबर २०२३. सवाई गंधर्व महोत्सव ऐकायला हा नॉर्वेजियन वादक पुण्यात आला होता आणि आमच्या सोसायटीतल्या काकांकडे उतरला होता. "तुझ्याकडे तबला, त्याच्याकडे व्हायोलिन. बसा की एक दुपार," म्हणत काकांनीच गाठ घालून दिली. त्यानं पेटी उघडली तर ते व्हायोलिन नव्हतं. घाट तोच, पण मानेच्या टोकाला कोरलेलं सिंहाचं डोकं, अंगावर काळ्या शाईची वेलबुट्टी, पट्टीवर शिंपल्याचं जडावकाम. आणि वरच्या चार तारांच्या खालून गेलेल्या आणखी पाच बारीक तारा. त्यांना गज लागत नाही, त्या आपल्या आपण झंकारतात. म्हणजे सारंगीला असतात तशा चक्क तरफा. या वाद्याला हार्डिंगफेले म्हणतात. तो नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला, घरात तीन पिढ्या हेच वाद्य.

त्यानं एक 'स्प्रिंगार' वाजवायला घेतली. हा तिथला जोडीनं नाचायचा प्रकार, तीन ठोक्यांचा. तीन म्हटल्यावर मी बिनधास्त दादरा (तीन-तीनचा, सहा मात्रांचा ताल) धरला. दुसऱ्याच आवर्तनात तो पुढे आणि मी मागे. चौथ्या आवर्तनात मी पुढे. मी थांबलो, मान डोलावून 'छान छान' म्हटलं आणि मनात म्हटलं, बिचारा. तो मात्र डाव्या पायानं जमिनीवर ठोके देत शांतपणे वाजवत राहिला. ते ठोके मी मोबाइलवर रेकॉर्ड केले म्हणून पुढचं सगळं घडलं.

रात्री ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकलं आणि दोन ठोक्यांमधली अंतरं मोजली. माणूस चुकत नव्हता. पहिला ठोका लांब, दुसरा मध्यम, तिसरा आखूड, आणि दर वेळी जवळपास तसाच. नंतर कळलं की टेलेमार्कच्या स्प्रिंगारची ही ओळखच आहे. अभ्यासकांनी दिलेलं मोजमाप साधारण ३९, ३३ आणि २८ टक्के असं आहे. तिथल्याच वाल्द्रेस भागात उलटापालट होते, तिथे पहिला ठोका आखूड. आपल्याकडे झपताल दोन-तीन-दोन-तीन, रूपक तीन-दोन-दोन, म्हणजे विभाग लहानमोठे असतात, पण मात्रा मात्रेच्या जागी समान. इथे मात्राच लहानमोठी. पंचवीस वर्षं तबला वाजवून हे माझ्या कानावरून गेलं नव्हतं.

मी हिशेब मांडला. सात, सहा, पाच. बेरीज अठरा. टक्के काढले तर ३८.९, ३३.३, २७.८. मला कोण आनंद झाला! अठरा मात्रांचा ठेका बांधला, वाजवून रेकॉर्ड केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : अगदी बरोबर आहे, पण याच्यावर कुणी नाचणार नाही.

मग सात-आठ महिने आमची देवाणघेवाण चालली. ज्यांना असं काही करायचंय त्यांना पहिली सूचना : व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका. आवाज पोचायला जो वेळ जातो त्यात लयीचा पार चोथा होतो. आम्ही तीन रविवार त्यात घालवले. शेवटी साधी पद्धत ठरली. त्यानं वाजवून पाठवायचं, मी त्यावर वाजवून परत पाठवायचं, आणि कॉल फक्त बोलण्यासाठी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घालायची. हे शेवटचं फार मोलाचं, कारण पुढे 'ही मांडणी कुणाची' हा प्रश्न आला तेव्हा तारखाच कामाला आल्या.

पैशाचं म्हणाल तर त्यानं तिकडच्या एका सांस्कृतिक निधीकडे अर्ज केला होता. मार्च २०२४ मध्ये पहिला नाकारला गेला. अर्जात आम्ही 'दोन महान परंपरांचा संगम' वगैरे लिहिलं होतं. आता वाचताना माझेच कान लाल होतात. दुसऱ्या वेळी संगम काढून टाकला. नेमके कुठले पाच स्लॉट वाजवणार (तिथे नाचाच्या धुनेला स्लॉट म्हणतात), तबल्याचं त्यात काय काम, सराव किती दिवस, कुणाच्या घरी राहणार, हे लिहिलं आणि चार मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडलं. नोव्हेंबरात मंजुरी आली. प्रवासखर्च आणि दोन कार्यक्रम व एक कार्यशाळा मिळून मला १८,००० नॉर्वेजियन क्रोनर मानधन. राहायचं त्याच्या घरी.

करार आला तेव्हा पहिला खरा पेच पडला. त्यात एक तक्ता होता : धून, रचनाकार, मांडणी, वाटा. नॉर्वेत टोनो ही संस्था संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करते, आपल्याकडे आयपीआरएस. कार्यक्रमात काय वाजवलं याची यादी तिकडे द्यावी लागते. धुना पारंपरिक, तो प्रश्न सोपा. पण एका ठिकाणी मी एक कायदा (तबल्याची बांधलेली मूळ रचना) आणि त्याचे पलटे (त्याचेच बोल फिरवून केलेला विस्तार) वाजवणार होतो. तो मला गुरुजींकडून मिळालेला. रचनाकार म्हणून काय लिहू?

गुरुजींकडे गेलो. ते ऐंशीच्या घरात आहेत, हल्ली फार बोलत नाहीत. तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला, परत दिला.

"हा कायदा माझा नाही. माझ्या गुरुजींनी दिला, त्यांना त्यांच्या वडिलांनी. तू तुझ्या नावावर चढवणार?"

"नाही गुरुजी. म्हणून तर विचारायला आलो."

"मग पारंपरिक लिही. आणि पलटे तुझे असतील तर तुझे लिही. चोरलेले असतील तर लिहू नकोस."

पलट्यांपैकी दोन माझे होते. तेवढेच लिहिले. मांडणीचा वाटा आम्ही निम्मा-निम्मा ठरवला आणि एका पानावर दोघांच्या सह्या केल्या. हे काम वाजवण्याच्या आधी करा. कार्यक्रम रंगल्यावर पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, आणि फसला तर बोलायचं कारणच उरत नाही.

आता व्हिसा. नॉर्वे युरोपीय महासंघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेनचाच व्हिसा. कलाकारांना तिथे एका कॅलेंडर वर्षात १४ दिवसांपर्यंत कामाचा परवाना लागत नाही, व्हिसा मात्र लागतोच. (नियम बदलत असतात. जाण्याआधी तिथल्या यूडीआय या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.) म्हणून मुक्काम २३ फेब्रुवारी ते ७ मार्च, तेरा दिवसांचा ठेवला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी आळस केला आणि मुंबईतल्या अर्ज केंद्राची वेळ मिळाली ती थेट १४ जानेवारीची. संक्रांत. पहाटेच्या गाडीत बायकोनं दिलेले तिळाचे लाडू खात फाइल चाळत होतो.

फाइलमध्ये होतं ते सांगतो : आमंत्रणपत्र, करार, त्याच्या घरी राहणार असल्याचं त्याचं पत्र, विमानाचं आरक्षण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, दोन फोटो आणि मी नेमका का जातोय हे सांगणारं एक पानी पत्र. व्हिसाचं शुल्क ९० युरो, तेव्हाचे आठ हजारांच्या थोडे वर. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. खिडकीपलीकडच्या मुलीनं फोटो परत केले. चेहरा लहान आलाय म्हणे. तिथेच आतल्या यंत्रावर पुन्हा काढले, त्याचे वेगळे पैसे. मग तिनं विचारलं, "सर, नोकरी कुठे?" तबल्याचा क्लास आहे म्हटल्यावर तिनं क्लासचं नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. माझ्याकडे दुकान नोंदणीचा कागद होता, पण घरी, कपाटात, गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली. मुलाला फोन करून स्कॅन मागवला. स्वतःचा धंदा असेल तर हा कागद आधीच फाइलमध्ये ठेवा.

नंतरचे बावीस दिवस वाईट गेले. सहसा पंधरा दिवसांत निर्णय होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यामुळे सोळाव्या दिवसापासून पोटात गोळा. केंद्राच्या फोनवर दर वेळी तेच एक वाक्य. विमानाचं तिकीट (६८,४०० रुपये, एक थांबा) निधीनं काढलं होतं, पण रद्द झालं तर ते पैसे मी परत करायचे असं करारात होतं. क्लासच्या मुलांना तीन आठवडे सुट्टी सांगून बसलो होतो. ५ फेब्रुवारीला पासपोर्ट आला. लिफाफा फाडताना हात थरथरत होते. तबलजीचे हात, पण थरथरत होते.

सामानात दोन तबले आणि एक डग्गा. तो म्हणाला होता, 'ए' आणि 'डी' लागेल. म्हणून एक ढाला (खालच्या सुराचा, मोठा) तबला पांढरी सहाला, म्हणजे पेटीवरच्या 'ए'ला, आणि एक नेहमीचा पांढरी दोनला, म्हणजे 'डी'ला, असे लावून घेतले. प्रत्येकाची एकेक जादा पुडी (तोंडावरचं चामडं) बरोबर. आमच्या दुरुस्तीवाल्या काकांनी ती देताना सांगितलं होतं, "थंडीत नेतोयस, सूर उतरवून ने. तिथे पोचल्यावर एक दिवस हात लावू नकोस." किती शहाणा सल्ला होता हे पुढे येईलच.

तबल्याचं खोड शिसवीचं. या जातीच्या लाकडावर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. तरी दुकानाचं बिल आणि फोटो जवळ ठेवले. मुंबई विमानतळावर निघताना कस्टम्सकडून वाद्यांचं आणि माइकच्या संचाचं निर्यात प्रमाणपत्र घेतलं, परत आणताना कुणी शुल्क मागू नये म्हणून. यासाठी तासभर हाताशी ठेवा. तिथला साहेब तबला फिरवून फिरवून बघत म्हणाला, "नंबर कुठाय याचा?" माइकला अनुक्रमांक असतो, तबल्याला कुठला? नशिबानं बुडाशी माझी आद्याक्षरं तापल्या सळईनं कोरलेली होती. तीच त्यानं कागदावर नंबर म्हणून उतरवली.

एवढं सगळं नीट केलं आणि हातोडी विसरलो. म्हणजे न्यायला नाही विसरलो. लहान तबला केबिनमध्ये घेतला होता आणि त्याच्या खोळीच्या बाजूच्या कप्प्यात, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, हातोडी. सुरक्षा तपासणीत ती अर्थातच काढून घेतली. पितळी, वीस वर्षं जुनी, गुरुजींनी दिलेली. मागे जाऊन चेक-इन सामानात टाकायला वेळ नव्हता. बाहेर सोडायला आलेला मुलगा केव्हाच घरच्या रस्त्याला लागला होता.

ओस्लोहून ब्यो गावाला रेल्वेनं दोन तास. खिडकीतून बर्फ, काळी झाडं, पुन्हा बर्फ. तो स्टेशनवर घ्यायला आला होता. घरी पोचलो, कॉफी झाली, आणि त्यानं वाद्य काढून 'ए'ची तार छेडली. मी माझ्या ढाल्यावर 'ना' वाजवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचा 'ए' माझ्यापेक्षा अर्धा सूर वर होता. आपल्या भाषेत तो काळी पाचला, मी पांढरी सहाला. 'डी' तसाच, काळी दोनला. झालं असं की हार्डिंगफेले नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा चढी लावतात, पण तारांना नावं तीच देतात. त्याच्याकडे 'ए' हे तारेचं नाव आहे, स्वराचं नव्हे. वर्षभर फाइली पाठवताना हे कसं कळलं नाही? मी प्रत्येक वेळी त्याची फाइल सॉफ्टवेअरमध्ये अर्धा सूर उतरवून घेत होतो आणि समजत होतो की त्याच्या मोबाइलचं रेकॉर्डिंग चढं येतंय. दुसऱ्या देशाच्या वादकाबरोबर काम करताना स्वराचं नाव विचारू नका, कंपनसंख्या विचारा.

अर्धा सूर चढवणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण मी प्रवासातून आल्या आल्या चढवला. त्याच्या मित्राची सुतारकामाची हातोडी, तिला फडकं गुंडाळलं, आणि गठ्ठे (सूर चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकले. बाहेर उणे नऊ, घरात हीटर, हवा वाळवंटासारखी कोरडी. २५ फेब्रुवारीच्या पहाटे तीनला टप्पकन आवाज आला. दिवा लावून पाहिलं तर ढाल्याच्या गजऱ्यालगत (तोंडाभोवतीच्या चामड्याच्या विणीलगत) चाटीला, म्हणजे कडेच्या चामड्याला, बोटभर चीर.

तिकडे फोसेग्रिम नावाच्या धबधब्यातल्या भुताची गोष्ट सांगतात. त्याला मटण नेऊन दिलं की तो फिडल वाजवायला शिकवतो. पण मटण कमी पडलं तर शिकणारा नुसतं वाद्य लावायला शिकतो, वाजवायला नाही. सकाळी त्यानं ती गोष्ट सांगितली आणि म्हणाला, आपण बहुतेक हाडंच नेली.

पुडी मी जन्मात स्वतः बदलली नव्हती. फक्त पाहिली होती, काकांच्या दुकानात स्टुलावर बसून, शेकडो वेळा. आठही गठ्ठे काढले. वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) उलगडत गेलो, ती जवळजवळ वीस हात भरली, स्वयंपाकघरातून थेट जिन्यापर्यंत. कोमट पाण्यात भिजवली. नवी पुडी बसवून गजऱ्याच्या सोळा घरांतून वादी ओवायची, खालच्या गुडरीतून (बुडाच्या कड्यातून) काढायची, परत वर. पहिल्या खेपेला एक घर चुकलं, सगळं उलगडलं. त्याची आठवीतली मुलगी शाळेतून आली ती दप्तर न काढता वादी धरून उभी राहिली. मी ओढायचो, ती ताण धरून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ओवून झालं, पण एकदम चढवला नाही. काकांचा आवाज कानात होता. दोन दिवस थोडा थोडा ओढत गेलो आणि खोलीत हीटरवर ओला टॉवेल टाकून ठेवला. तो स्वतःच्या वाद्याच्या पेटीत ओलावा धरणारी नळी ठेवतो, तशी एक मलाही दिली. थंड देशात जाणाऱ्या सगळ्या चामड्याच्या वाद्यांना हे लागू.

त्या मधल्या दिवसात, २६ तारखेला, स्थानिक वादकांच्या मंडळात कार्यशाळा होती. माझ्याकडे फक्त लहान तबला आणि डग्गा. लाकडी हॉल, वीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, कॉफी, वॅफल आणि त्यावर तपकिरी गोडसर चीज. मी सात-सहा-पाचचा ठेका वाजवून दाखवला. सगळ्यांनी सभ्यपणे ऐकलं. मग एक आजी उठल्या. इंग्रजी जेमतेम. त्यांनी माझा हात धरला, हॉलच्या मधोमध नेलं आणि त्याला वाजवायला सांगितलं. मला वाटलं नाचवतात. त्यांनी नुसतं चालवलं. तीन पावलं, तीन पावलं. मी ओठांतल्या ओठांत मोजतोय हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग माझ्या गुडघ्याकडे दाखवलं.

पहिल्या पावलाला गुडघा खाली जातो. चांगला जातो, अंगाचं वजन घेऊन. खाली जायला आणि परत यायला वेळ लागतो, म्हणून तो ठोका लांब. शेवटचं पाऊल पुढच्या गिरकीसाठी शरीर उचलून घेतं, म्हणून ते आखूड. या खाली-वर होण्याला ते 'स्विक्त' म्हणतात. चौथ्या फेरीला माझं मोजणं सुटलं आणि मला एकदम फलटण आठवलं.

आमच्या फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते. लहानपणी मी दिंडीत पखवाज वाजवायचो. तेव्हा मात्रा बित्रा कळत नव्हत्या. पावली चालू झाली की समोरच्या वारकऱ्याच्या पायाकडे बघायचं, तो जिथे दबतो तिथे 'धा' टाकायचा. दमलेल्या माणसाचं पाऊल जरा उशिरा दबतं, मग हातही आपोआप उशिरा पडतो. ते मी नंतर पुण्यात शिकायला आल्यावर विसरलो होतो. विसरायलाच लावलं होतं म्हणा, आणि तेही बरोबरच होतं, नाहीतर लहरा (तबल्यासोबत एकसारखी फिरणारी धून) धरता आला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अठरा मात्रांचा ठेका टाकून दिला. डग्ग्यावर पहिल्या ठोक्याला 'गे', आणि मनगट दाबत ते गुडघ्याबरोबर खाली न्यायचं, घसीट (मनगट घासून सूर सरकवणं) संपेल तेवढा वेळ त्याचा. दुसऱ्याला चाटीवर एक 'ना'. तिसऱ्याला काही नाही, किंवा बोटाचा नुसता स्पर्श. बस. वर्षभराच्या मेहनतीतून एवढंच उरलं. सम (आवर्तनाची पहिली मात्रा), तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा), काहीही नाही. स्लॉट संपते तीही अचानक, आपण दार लावून घ्यावं तशी. मला पहिले दोन दिवस शेवटी तिहाईची फार खाज सुटायची.

तिहाईची हौस गांगारमध्ये फिटली. गांगार म्हणजे चालीचा नाच, त्यात सहा समान भाग पडतात, तिथे दादरा सुखानं बसतो. शिवाय त्यांच्या धुनांची रचनाच अशी की छोटे छोटे तुकडे घ्यायचे, ते फिरवायचे, किती वेळा फिरवायचे ते वादकानं त्या क्षणी ठरवायचं. पलट्यांना याहून चांगलं शेत कुठलं मिळणार? गुरुजींचा कायदा तिथे घातला. एकच अडचण, वाद्य लावण्याची. हार्डिंगफेले लावायच्या वीसहून अधिक पद्धती आहेत आणि प्रत्येक धुनेची आपली पद्धत ठरलेली. दोन धुनांच्या मध्ये तो चार चार मिनिटं खुंट्या पिळणार, मी हातोडी. म्हणून धुनांचा क्रम रंगतीप्रमाणे न लावता सुरांप्रमाणे लावला, आणि मधल्या एका वेळी तो म्युलार्गुटेनची गोष्ट सांगायचा. हा १८०१ साली जन्मलेला टेलेमार्कचा मोठा वादक, नावाचा अर्थ गिरणीवाल्याचा पोर. १८४९ मध्ये राजधानीत मैफल केली तेव्हा खेड्यातली नाचाची धून शहरी लोकांनी पहिल्यांदाच खुर्चीत बसून ऐकली म्हणे. गोष्ट संपेपर्यंत माझे गठ्ठे ठोकून व्हायचे.

२८ फेब्रुवारीचा कार्यक्रम साधारण झाला. दुसऱ्या स्प्रिंगारला मी घाबरून पुन्हा मोजायला लागलो आणि दोन आवर्तनं घसरलो. ५ मार्चचा चांगला झाला, कारण आयोजकांनी पुढच्या खुर्च्या काढल्या होत्या आणि तीन जोड्या नाचत होत्या. त्यात त्या आजीही होत्या. मी पूर्ण वेळ त्यांच्या गुडघ्यांकडे बघून वाजवलं. मागून बघणाऱ्याला मी मान खाली घालून रुसलेला वाटलो असणार.

हिशेब : १८,००० क्रोनरमधून नॉर्वेचा परदेशी कलाकारांवरचा १५ टक्के कर कापला गेला, हातात १५,३००, म्हणजे सव्वा लाखाच्या आतबाहेर. कर कापल्याचा कागद तिथून निघण्याआधीच मागून घ्या. मी नंतर मागितला आणि दोन महिने मेल लिहीत बसलो. तो कर इथल्या आयकरातून वजा मिळण्यासाठी विवरणपत्राबरोबर तेव्हा फॉर्म ६७ भरावा लागला. आमच्या सीएनं तो पहिल्यांदाच भरला, त्यामुळे दोघंही एकत्र शिकलो. व्हिसा, मुंबईच्या फेऱ्या, विमा, पुड्या आणि क्लासचं बुडालेलं उत्पन्न वजा जाता हातात चाळीस हजारांच्या आत राहिलं. परत येताना मुंबईत निर्यात प्रमाणपत्र कुणी पाहिलंही नाही.

आल्यावर गुरुजींना भेटायला गेलो. हातोडीचं सांगायचं धाडस दहा मिनिटांनी झालं. "गेली तर गेली, लोखंडच होतं," म्हणाले. पितळ होतं, पण मी काही बोललो नाही. मग दुसऱ्या कार्यक्रमातली स्प्रिंगार ऐकवली. त्यांनी डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू झाली, थांबली, परत चालू झाली, परत थांबली. "पुन्हा लाव." पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर डोळे उघडले.

"याची सम कुठाय रे?"

"अशी बसून नाही दाखवता येणार, गुरुजी."

"मग?"

मी उठलो आणि टीपॉय भिंतीकडे सरकवला.